पाय वर, आता दुसरा

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी माझं तोंड नंतर पाहिलं, आधी माझ्या चपलांचे तळवे पाहिले. दाराशी बाक होता, त्यावर मला बसवलं. "पाय वर," म्हणाल्या. तळव्याच्या खाचेत कुठलंसं बी अडकलं होतं, ते लोखंडी आकड्यानं उकरून काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दुसरा." मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो आधीच बूट काढून गरीब गाईसारखा शेजारी बसलेला. या घरात कोणाचं चालतं ते मला त्याच मिनिटाला कळलं.

त्यांच्या डोक्यात काही बिघाड नव्हता, त्यांची नोकरीच ती होती. आमची वस्ती संपते तिथून चढण लागते आणि चढणीच्या वर पठार आहे. सरकारनं राखलेलं. वर वारा, शेवाळ, गुडघाभर उंचीची झुडपं आणि म्हणे जगात दुसरीकडे कुठे न सापडणारी फुलं. लांबलांबून माणसं ती बघायला येतात. वर गेल्यावर काही तोडायचं नाही, काही उचलायचं नाही, वाट सोडायची नाही, हे तर आहेच. पण सगळ्यात कडक नियम म्हणजे खालून वर काही न्यायचं नाही. बी तर नाहीच नाही. बुटाच्या खाचेत, मोज्यात, पँटच्या दुमडीत, पिशवीच्या पट्ट्यात असं बी लपून बसतं, वर जातं, रुजतं आणि तिथल्या नाजूक रोपांच्या उरावर बसतं. म्हणून पायथ्याशी फाटक, फाटकाला लागून दगडी खोली, आणि त्या खोलीत ब्रश घेऊन आमच्या सासूबाई.

उभी हयात त्यांनी लोकांचे पाय झाडले. सगळे त्यांना ब्रशवाल्या मावशी म्हणायचे. माणूस बाकावर बसला की "पाय वर". आधी ताठ केसांचा ब्रश, मग आकडा, मग मोज्यावरून ओला हात. "आता दुसरा." मग खिसे उलटे करा, टोपी झटका, काठीचं टोक दाखवा. फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या तिकाट्याचे तिन्ही पाय त्या पुसायच्या. एकदा कोणी बडा माणूस आला. पाय वर करीना. मी कोण आहे माहीत आहे का, असं विचारायला लागला. सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं की तुम्ही कोण ते मला बघायचं नाही, तुमच्या पायाखाली काय आहे ते बघायचंय. त्यानं पाय वर केला. ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की तो माणूस समोर आला तर मी ओळखीन.

खाली पडलेला सगळा कचरा झाकणाच्या डब्यात जायचा आणि फाटक बंद झाल्यावर खड्ड्यात जाळला जायचा. जमिनीवर बोटभर धूळ राहिलेली त्यांना खपत नसे. मात्र ब्रशाच्या केसांत काही अडकलं की त्या उठायच्या, मागच्या खिडकीशी जायच्या आणि उंबऱ्यावर आपटल्यासारखा ब्रश खिडकीच्या दगडी कठड्यावर आपटायच्या. टक टक टक. की लगेच परत बाकाशी. पुढचा पाय वर.

ही सवय घरातही आली. आठवड्यातून एकदा सगळे ब्रश घरी यायचे, गरम पाण्यात बुचकळले जायचे, आणि मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टक टक टक. खिडकीखाली माझ्या कुंड्या. मी हौसेनं लावावं एक आणि उगवावं भलतंच. एका वर्षी गुलाबाच्या बुडाशी कुसळी उगवली. कुसळी म्हणजे आमच्याकडचं एक दांडगट तण, पिवळं फूल, आणि बी असं की त्याला बारीक बारीक आकडे. कपड्याला चिकटलं की धुतलं तरी निघत नाही. पठारावर जायला सगळ्यात जास्त बंदी याच कुसळीला. मी सासूबाईंना बोलावून दाखवली. त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाहिली आणि म्हणाल्या, "तो घोडेवाला जातो ना आपल्या गल्लीतून. त्याच्याच चाऱ्यातली."

आता या घोडेवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण सासूबाईंचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. त्याच्याकडे एक म्हातारा घोडा आहे. पाण्याचे कॅन, खाण्याचे डबे वरच्या निवाऱ्यापर्यंत पोचवायचे आणि ज्यांना चालवत नाही त्यांना बसवून न्यायचं, हा त्याचा धंदा. घोड्याचं नाव साहेब, कारण मनात आलं तरच चालतो. घोड्याच्या खुरांनाही ब्रश लागायचा, शेपटीलाही लागायचा, आणि तो सासूबाईच करायच्या. साहेब त्यांना एकदा चावला होता. तेव्हापासून त्या घोड्याला नाही, मालकाला पाण्यात पाहायच्या. तोही काही कमी नव्हता. बाई, घोड्याचे दातही घासता का, असं चारचौघांत विचारायचा.

एवढी वर्षं त्या फाटकाशी बसल्या, पण पठारावर एकदाही गेल्या नाहीत. लोकांना हे खरं वाटायचं नाही. नियमच तसा होता. ज्याच्या हातात ब्रश, त्यानं फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या अंगावर दिवसभराचं बी. सुटीच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जाता आलं असतं. आमच्या ह्यांनी लहानपणी कितीदा हट्ट केला म्हणे. पण त्या म्हणायच्या, माझ्या अंगाला अख्खं जग चिकटलेलं असतं रे, मी वर येणार नाही. मागच्या खिडकीतून त्यांना पठाराचा एक तुकडा दिसायचा. थोडं गवत, एक वाकडा खडक आणि वर आभाळ. तेवढ्यावर त्यांनी नोकरी काढली.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा कचेरीनं दोन गोष्टी केल्या. एक, फाटकाशी लावायला त्यांच्या नावाचा फलक करायला टाकला. त्यावर लिहायचं होतं की यांच्या हातून एकही परकं बी वर गेलं नाही. सासूबाईंनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी फक्त कांद्यानं आलेलं पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट अशी की अधिकाऱ्यानं त्यांना सल्ला विचारला. गेली काही वर्षं फाटकाच्या आत, पहिल्या वळणावर, कुसळी दिसायला लागली होती. उपटली तरी पुन्हा यायची. ही कुठून आली असेल? सासूबाईंचा खाक्या एक घाव दोन तुकडे. पहिल्या वळणावर घोडेवाला घोड्याचा पट्टा आवळायला थांबतो, घोड्याच्या पोटात बाहेरचा चारा, तेव्हा आणखी कुठून येणार, असं त्यांनी सांगून टाकलं. मावशींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. येत्या महिन्यापासून घोडेवाल्याचा परवाना बंद, असं ठरलं.

हे मला घरात नाही, भाजीच्या दुकानात कळलं. घोडेवाल्याची बायको माझ्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की तुझ्या सासूला विचार, या वयात माझ्या नवऱ्यानं काय धंदा करायचा, आणि त्या घोड्याला कोणाच्या दारात बांधायचं. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भाजी घ्यायचं सुचेना.

घरी येऊन मी सासूबाईंना सरळ विचारलं. तुम्ही कुसळी पाहिली, ते ठीक. ती घोड्यानं आणली हे पाहिलंत का? त्या भडकल्या. एवढी वर्षं कोणी काय आणतंय ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तू मला शिकवतेस का? मीही काही मूग गिळून बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, एखाद्याच्या पोटावर पाय देताना तेल पुरत नाही, दिवा लागतो. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. आमचे हे दोघींच्या मधून वर्तमानपत्र तोंडासमोर धरून जायचे.

तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या की आता माझ्या हातात ब्रश नाही, मी पाहुणी म्हणून वर जाणार. स्वतःच्या डोळ्यांनी बघणार की पठार स्वच्छ आहे, आणि तुलाही दाखवणार. मी म्हटलं, चला, घोडामैदान जवळच आहे.

त्यांनी नवे बूट आणले. जुन्यांवर भरवसा नाही म्हणाल्या. ते बूट त्यांनी घरात एकदाही घातले नाहीत, डब्यातून काढून फाटकाशीच पायात घातले. आता त्या दगडी खोलीला कुलूप होतं आणि बाहेर एक यंत्र बसवलेलं. गोल ब्रश फिरतात, त्यात पाय घालायचा, वरून वारा सुटतो, झालं. सासूबाईंनी आपला पाय घातला, काढला, खाली वाकून तळवा पाहिला आणि नाक मुरडलं. मग मला यंत्रात दोनदा पाय घालायला लावला. मागे रांग लागली होती. यंत्रावरच्या माणसानं चालू दिलं, तो त्यांना ओळखत होता.

घोडेवाला फाटकाच्या आत साहेबाला धरून उभा होता. आज कोणाला बसायचं आहे का, असं त्यानं सगळ्यांना विचारलं, आमच्याकडे पाहून नाही विचारलं. सासूबाई त्याच्या बाजूनं अशा गेल्या की जणू तिथे खांब आहे.

आमच्याबरोबर दहाबारा माणसं आणि पुढे वाटाड्या. पहिल्या वळणावर दोन्ही बाजूंना कुसळी होतीच, पिवळीधमक. परक्या मुलखातली एक बाई तिचे फोटो काढायला लागली. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि मागे उभ्या असलेल्या घोड्याकडे हनुवटीनं दाखवलं. बघ, म्हणाल्या. मी पाहिलं. दिसायला तर त्यांचंच खरं दिसत होतं. 

त्या वळणाच्या वर मात्र एकही कुसळी नव्हती. मी ते पठार पहिल्यांदाच पाहत होते, पायथ्याशी राहून. इथल्या माणसाचं हे असंच, उद्या जाऊ म्हणत जन्म जातो. चढ संपला आणि एकदम सगळं मोकळं झालं. झाड म्हणून नाही. जमीन हिरवी, तपकिरी, मध्येच लाल, आणि इतकी मऊ की वाटेवर फळ्या टाकलेल्या. फळीवर पाय दिला की बाजूच्या शेवाळात पाणी हलायचं. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा. वाटाड्यानं एक रोप दाखवलं, नखाएवढ्या पानांवर चिकट थेंब, त्यावर बसलेला डास उठत नाही, रोप त्याला खातं. मला ते बघून कसंसंच झालं. सासूबाई मात्र फळीवर गुडघे टेकून बसल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. याच्याच जागेवर कुसळी बसली असती, म्हणाल्या.

बाकीची माणसं लांब बघत होती, डोंगरांच्या रांगा, ढगांच्या सावल्या. सासूबाई पायाशी बघत होत्या. प्रत्येक वळणाला थांबायच्या, दोन्ही कडा तपासायच्या आणि मान हलवायच्या. खिडकीतून दिसणारा तो वाकडा खडक आला. त्यांना आजवर वाटायचं की तिथे पठार संपतं. वाटाड्या म्हणाला, मावशी, इथून पुढे तर सुरू होतं. त्या खडकाला हात लावायला मनाई आहे, म्हणून त्यांनी नुसता हात जवळ नेला आणि मागे घेतला. मग पदरानं नाक पुसलं. मला विचारलं, वारा फार आहे नाही? मी हो म्हटलं.

खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. घरात आम्ही त्यांच्या ब्रशाला हसायचो. मी तर माहेरी जाऊन नकला करायचे. पण त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत चुकूनसुद्धा एक परकं पान दिसत नव्हतं, आणि त्यातलं निम्मं तरी या बाईच्या दुखऱ्या कंबरेमुळे होतं. मी तसं त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, निम्मं का गं?

निवाऱ्याशी डबे खाल्ले. तिथल्या बाकावरून उठताना त्यांचा गुडघा धरला. उभं राहवेना. वाटाड्यानं दाबून पाहिलं, पट्टी बांधली, पण उतरण पायी शक्य नव्हती. वर घोडा एकच, आणि घोड्याचा मालकही एकच. मी मनातल्या मनात हसले, आणि मग त्यांचं तोंड पाहून माझं हसू गेलं.

घोडेवाला आला. त्यानं साहेबाला दगडाशी आणून उभं केलं, त्यांचा पाय रिकिबीत ठेवला, आणि पाठीला आधार देऊन त्यांना वर बसवलं. एरवीचा हट्टी घोडा त्या दिवशी त्याच्या मनात आलं म्हणून की काय कोण जाणे, पण अगदी सांभाळून चालला.  मी मागून चालत होते आणि विचार करत होते की या माणसाच्या जागी मी असते तर या बाईला पहिल्याच डबक्यात टाकली असती.

पहिल्या वळणाच्या खाली, फाटकाच्या जरा अलीकडे वाट एका दगडी भिंतीच्या कडेनं जाते. पायी चालणाऱ्याला ती भिंत डोक्याइतकी उंच. भिंतीपलीकडे काय आहे ते कोणाला दिसत नाही आणि बघायचं कारणही नाही. सासूबाई घोड्यावर होत्या. त्यांना दिसलं.

"थांबवा," म्हणाल्या. घोडेवाल्याला वाटलं गुडघा दुखतोय. त्या म्हणाल्या, गुडघा नाही, मला उतरवा. मी विचारलं काय झालं, तर माझ्याकडे बघेनात. त्याचं तोंड, माझं तोंड, कशाकडेच बघेनात. भिंतीच्या टोकाला खिंडार होतं, तिथून लंगडत आत गेल्या. मी मागोमाग.

ती त्यांच्याच खोलीची मागची बाजू होती. उभी हयात त्या खोलीत काढलेली, पण ही बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारण फाटकाच्या आत यायचंच नाही ना. भिंत आणि खोली यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा, आणि ती जागा कुसळीनं गच्च. कमरेएवढी वाढलेली. जुनी, वाळलेली, तिच्यावर नवी, तिच्यावर आणखी नवी. खिडकीच्या बरोबर खाली सगळ्यात दाट, तिथून पंख्यासारखी पसरलेली, भिंतीच्या खिंडारातून बाहेर, आणि बाहेरून थेट पहिल्या वळणापर्यंत. मी वर पाहिलं. खिडकीचा दगडी कठडा एका जागी झिजून खोलगट झाला होता, पाट्यासारखा.

टक टक टक. मला एकदम माझ्या कुंड्या आठवल्या.

आता काय बोलायचं? कुठे घोडं पेंड खातंय ते मला कळलं होतं, आणि त्यांना माझ्याआधी कळलं होतं. डब्यातला कण न् कण त्यांनी जाळला होता. ब्रश झटकायचा कुठे, हे नियमात नव्हतं आणि त्यांच्या मनात आलं नव्हतं. खिडकीतून त्या नेहमी लांब बघायच्या, खडकाकडे. खाली वाकून कोण बघतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला रागही आला नाही, हसूही आलं नाही, नुसतं वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला.

मी म्हटलं, आई, चला. कोणी पाहिलेलं नाही. हे मी का म्हटलं कोण जाणे. भाजीच्या दुकानात माझीच मान खाली गेली होती, आणि तरी मी म्हटलं. त्यांनी खालची एक कुसळी मुळासकट उपटली, मुठीत धरली आणि बाहेर आल्या.

फाटकाशी आलो, पण त्या फाटकाबाहेर पाऊल टाकीनात. आतल्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या की अधिकाऱ्याला इथे बोलाव. अधिकारी आला. वयानं आमच्या ह्यांच्याएवढा, भला माणूस. मावशी कसं वाटलं पठार, असं हसत विचारत आला. घोडेवाला बाजूला साहेबाचा पट्टा सोडत होता, ऐकत होता.

सासूबाईंनी मूठ उघडली. "ही माझ्या खिडकीखालची," म्हणाल्या. "मी ब्रश तिथे आपटायचे. पहिल्या वळणावर गेली ती इथूनच गेली. जाऊन बघून या."

अधिकारी जाऊन बघून आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. खाली बसून हलक्या आवाजात समजावायला लागला. झालं ते झालं, मावशी, उद्या दोन माणसं लावून सगळं उपटून टाकतो. पुढच्या आठवड्यात वरची मंडळी येणार आहेत, फलक रंगवून आलाय, माझ्या कपाटामागे उभा आहे. आमच्याच खोलीतून तण पसरलं असं बाहेर गेलं तर कचेरीची काय शोभा? घोडेवाल्याचं मी बघतो, त्याला दुसरीकडे कुठेतरी काम देऊ. कोणाला काय माहीत आहे?

"मला माहीत आहे ना," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी एका दमात सांगितलं. फलक लावायचा नाही. त्यावर लिहिलेलं खोटं आहे. घोडेवाल्याचा परवाना माझ्या शब्दावर गेला, तो माझ्याच शब्दावर परत द्यायचा, आणि लिहून हवं असेल तर आत्ता कागद आणा. आवाज चढवला नाही. पण मी त्यांना एवढी वर्षं ओळखते. त्या दात आवळून बसल्या होत्या. अधिकारी उठला. परवाना थांबवायचा कागद अजून पुढे गेलेला नाही, तो मी फाडतो, एवढं म्हणाला आणि कचेरीत गेला.

सासूबाई वळल्या. एवढ्या वर्षांत त्या माणसाला तोंडावर त्या काय काय बोलल्या होत्या, पण त्याच्याकडे बघून बोलताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कुसळी माझी होती," म्हणाल्या. "तुमच्या साहेबाची नाही."

घोडेवाला पट्टा सोडत होता तो सोडतच राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलला असता तरी त्याचा हक्क होता. त्याची बायको भाजीच्या दुकानात जे बोलली नव्हती, ते सगळं आता यानं बोलावं, असं मलाच वाटत होतं. म्हणजे सुटका तरी झाली असती. त्यानं पट्टा खांद्यावर टाकला, जवळ आला आणि त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिला.

त्यांचे नवे बूट, पांढरे मोजे, साडीचा काठ, सगळीकडे कुसळीचं बी. त्या ढिगात शिरल्या होत्या ना. एवढं बी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या पायावर पाहिलं असतं, तर त्याला आल्या वाटेनं परत पाठवलं असतं.

त्यानं खोगिराच्या पिशवीतून घोड्याचा खरारा काढला. यंत्र होतं शेजारीच, पण त्यानं खराराच काढला. त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"पाय वर करा, बाई."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून वर धरला. त्यानं तळवा झाडला, खाचा झाडल्या, मोज्यावरचं एकेक बी नखानं काढलं. घाई केली नाही. सासूबाई रडत होत्या, अगदी उघड, आणि पुसत नव्हत्या. मी दुसरीकडे बघितलं.

"आता दुसरा," तो म्हणाला.

दुसरा झाला. खराऱ्याच्या दातांत बी गच्च भरलं होतं. त्यानं उठून तो भिंतीवर आपटायला हात उचलला, सगळेच उचलतात तसा. सासूबाईंनी बसल्या जागेवरून वाकून यंत्राशेजारचा झाकणाचा डबा ओढला आणि त्याच्या हाताखाली धरला.